आभाराच्या कागदावर कोणाचे हात? पांढऱ्या लग्नाची आणि त्याला शोभणाऱ्या पत्रिकांची गोष्ट

१/
१० जानेवारी १८४० : ब्रिटनमध्ये एक पेनीचे समान टपाल सुरू झाले. १० फेब्रुवारी १८४० : लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील चॅपल रॉयलमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचा विवाह झाला. दोन्ही तारखांत बरोबर एका महिन्याचे अंतर आहे. लग्नाच्या रंगांशी आणि फुलांशी जुळणारी, हाताने सजवलेली, स्वतंत्र लिफाफ्यातून जाणारी आभारपत्रिका आज निव्वळ हौस वाटते. तिचा इतिहास मात्र या दोन तारखांपाशी येऊन मिळतो आणि पुढे थेट पुण्यापर्यंत पोहोचतो.

२/
आधी टपालाची बाजू. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे मूल्य दोन गोष्टींवर ठरे : अंतर किती आणि कागद किती. एका कागदाचे पत्र एका दराने जाई, दोन कागदांचे दुप्पट दराने. लिफाफा हासुद्धा कागदच, म्हणून तो वेगळा मोजला जाई. परिणामी बहुतेक लोक पत्राचाच कागद दुमडून, लाख लावून, त्याच्याच पाठीवर पत्ता लिहीत. नाजूक पत्रिका बनवून ती पाकिटात घालणे ही सामान्य घराला न परवडणारी चैन होती.

३/
याहून मोठी अडचण निराळीच होती. टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे असे. लंडनहून एडिंबरोला गेलेल्या एका कागदाच्या पत्राला शिलिंगाहून अधिक पैसे पडत. म्हणजे एखाद्या नववधूने दूरच्या आत्याला आहेराबद्दल आभाराचे पत्र धाडले, तर त्या आत्याला आहेराच्या खर्चावर आभाराचाही खर्च सोसावा लागे! कृतज्ञता व्यक्त करणे म्हणजे उपकारकर्त्याच्या खिशात हात घालणे, असा हा विचित्र व्यवहार होता.

४/
१८३७ मध्ये रोलंड हिल यांनी टपालसुधारणेवरील आपली पुस्तिका मांडली. पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च अंतरामुळे फारसा वाढत नाही. हिशेब ठेवणे, दारोदार पैसे गोळा करणे यांतच तो वाढतो, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. उपाय सरळ होता : देशभर एकच दर, पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे आणि मोजमाप वजनाचे. अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी. १८४० च्या मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट वापरात आले.

५/
कागदांची संख्या मोजणे थांबले आणि लिफाफा मुक्त झाला. १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० मध्ये हा आकडा सुमारे १६ कोटी ९० लाखांवर पोहोचला. अर्ध्या औंसात एक जाडसर पत्रिका, तिच्यावरील नक्षी आणि भोवतीचे पाकीट हे सारे सहज बसत होते. शुभकार्याच्या कागदाला आता रूप घेण्याची मोकळीक मिळाली. ते रूप कोणते असावे, हे महिन्याभराने झालेल्या विवाहाने ठरवले.

६/
त्या काळी राजघराण्यातील वधू रुपेरी जरीचे वस्त्र नेसे. १८१६ मध्ये राजकन्या शार्लटचा विवाह झाला, तेव्हा तिचा पोशाख असाच चांदीच्या तारांनी लखलखणारा होता. व्हिक्टोरियाने पांढरे सॅटिन निवडले. पांढरे वस्त्र नेसणारी ती पहिली वधू खचितच नव्हे. स्कॉटलंडची राणी मेरी हिने १५५८ मध्ये पांढराच पोशाख घातला होता. परंतु पांढरा रंग विवाहाचा रंग म्हणून समाजात रुजला तो व्हिक्टोरियाच्या उदाहरणाने.

७/
या निवडीमागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. सॅटिन लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांचे होते आणि लेस डेव्हन परगण्यातील होनिटनची. दोन्ही धंदे संकटात होते. देशी कारागिरांना काम मिळावे आणि त्यांच्या मालाला पुन्हा मागणी यावी, हा राणीच्या पोशाखामागचा जाहीर हेतू होता. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लेस उठून दिसते, हेही पांढरा रंग निवडण्यामागचे एक व्यावहारिक कारण होय.

८/
लेस बनवणाऱ्यांवर संकट आणले कोणी? जॉन हीथकोट या संशोधकाने १८०८-०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राची एकस्वे मिळवली. जे काम बोटांना कित्येक दिवस पुरे, ते यंत्र पाहता पाहता उरकू लागले. १८१६ मध्ये लफबरो येथील त्याच्या कारखान्यावर लुडाइट म्हणवणाऱ्या यंत्रविरोधकांनी हल्ला करून यंत्रे फोडली. त्यानंतर हीथकोटने आपला कारखाना हलवला तो टिव्हर्टनला, म्हणजे होनिटन ज्या परगण्यात आहे त्याच डेव्हनमध्ये.

९/
राणीची लेस डेव्हनच्या किनाऱ्यावरील बिअर या गावी आणि आसपास तयार झाली. जेन बिडनी हिच्या देखरेखीखाली २०० हून अधिक स्त्रियांनी १८३९ चे कित्येक महिने त्यासाठी वेचले. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी रिळांवरचे बारीक सूत एकमेकांत गुंफत फुले-पाने विणली जात. ती फुले मग जाळीवर शिवली गेली आणि ती जाळी मात्र यंत्रावर विणलेली होती. हस्तकलेच्या रक्षणासाठी घडवलेल्या वस्त्राचा पायाच यंत्राचा होता! पुढच्या सगळ्या कथेचे बीज या टाक्यांत आहे.

१०/
आता फुले. व्हिक्टोरियाने मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचा गजरा माळला होता. विदर्भातील आंबिया बहार पाहिलेल्यांना या फुलांचा दुधाळ पांढरेपणा आणि दरवळ सांगायला नको. संत्र्याच्या झाडावर फूल आणि फळ एकाच वेळी दिसू शकते, म्हणून युरोपात ते निर्मळता आणि सुफलता या दोहोंचे चिन्ह मानले गेले. राणीने ते माळले आणि थोड्याच काळात ते ब्रिटिश विवाहाचे ठरलेले चिन्ह झाले. वधूच्या केसांवरून ते कागदावर उतरायला वेळ लागला नाही.

११/
विवाहाची एकच कल्पना धरून आभाराची वस्तू घडवण्याचे उत्तम उदाहरणही याच लग्नात सापडते. राणीला १२ करवल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या पोशाखाचे रेखाटन स्वतः राणीने केले होते. प्रत्येकीला तिने एक गरुडाकृती पिन भेट दिली. आराखडा अल्बर्टचा होता. गरुड हे त्याच्या कोबुर्ग घराण्याचे चिन्ह. अंगावर निळे फिरोजे, डोळ्यांत माणके, पंजांत मोती. वराचे घराणे आणि वधूची कृतज्ञता ही दोन्ही एका छोट्या दागिन्यात सामावली होती.

१२/
हीच सुसंगती जेवणाच्या मेजावरही दिसली. लग्नाच्या केकचे वजन सुमारे ३०० पौंड होते आणि घेर तीन यार्ड. वरच्या बाजूला पांढऱ्या फुलांचे छोटे गुच्छ सॅटिनच्या फितीने प्रेमगाठीत बांधलेले होते. ते पाहुण्यांना भेट म्हणून द्यायचे होते. पांढरा रंग, फूल आणि फितीची गाठ : पुढील कित्येक दशके विवाहाच्या कागदांवर हीच तीन चिन्हे फिरून फिरून येत राहिली.

१३/
अल्बर्टने तर ही कल्पना लग्नानंतरही जपली. नोव्हेंबर १८३९ मध्ये त्याने व्हिक्टोरियाला संत्र्याच्या फुलांची पिन पाठवली होती. फेब्रुवारी १८४६ मध्ये, विवाहाच्या सहाव्या वाढदिवशी, त्याने त्याच संचातील शिरोभूषण दिले : सोन्याची पाने, पांढऱ्या चिनी मातीची फुले आणि मीनाकामाची चार हिरवी संत्री. तोवर त्यांना चार अपत्ये झाली होती. एका फुलाच्या भाषेत सहा वर्षांचा संसार सांगून झाला.

१४/
सामान्य मध्यमवर्गीय घरांत ही कल्पना पोहोचली ती ‘वेडिंग कार्ड’च्या रूपाने. आपल्याकडची लग्नपत्रिका लग्नाआधी जाते. त्या काळचे हे इंग्रजी कार्ड लग्नानंतर जाई. वराच्या नावाचे एक आणि वधूच्या नव्या नावाचे दुसरे, अशी दोन कार्डे रुपेरी दोऱ्याने एकत्र बांधत किंवा नक्षीदार लिफाफ्यात घालत. लिफाफ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस वधूचे माहेरचे नाव छापण्याची पद्धत होती. पुष्कळदा सोबत केकचा तुकडाही धाडला जाई.

१५/
हे कार्ड दिसायला गोड असले तरी त्याचा अर्थ कठोर होता. लग्नानंतर नव्या संसाराने कोणाशी संबंध ठेवायचा, हे ते कार्ड सांगे. ज्याला ते आले त्याने भेटीला यावे. ज्याला आले नाही त्याने ओळख संपली असे समजावे. ब्रह्मचारी मित्रांची मंडळी या चाळणीतून बहुधा खाली गळत. आपल्या पंगतीत कोणाला बोलावले नाही यावरून जशी वर्षानुवर्षे अढी राहते, तसेच हे होते. फरक इतकाच की इथे सारे टपालाने आणि शांतपणे होई.

१६/
हळूहळू ही प्रथा जड वाटू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रांतील विवाहवार्तेच्या शेवटी ‘कार्डे नाहीत’ असे दोन शब्द छापले जाऊ लागले. कार्ड आले नाही म्हणून कोणी राग धरू नये, ही त्यामागची सोय. संबंध निवडणारे कार्ड मागे पडत गेले. आहेराबद्दल वधूने स्वतः लिहिलेले आभारपत्र मात्र टिकले आणि अधिक महत्त्वाचे झाले. सजावटीचे सारे वैभव आता त्याच्याकडे आणि त्याच्या भाऊबंदांकडे वळले.

१७/
त्या वैभवाचा कणा म्हणजे कागदी लेस. उठावदार नक्षीच्या दोन ठशांमध्ये कागद दाबायचा, मग वर आलेला भाग कानशीने हलकेच घासायचा. उंचवटे झिजून तिथे बारीक छिद्रे पडतात आणि कागदाची जाळी होते. लंडनच्या डॉब्स या ठसेकामाच्या पेढीतील जोसेफ ॲडनब्रुक या कारागिराला १८३४ मध्ये ही युक्ती अपघाताने सापडली, असे सांगितले जाते. पांढऱ्या लग्नाचा जमाना आला तेव्हा तिला शोभणारा कागद आधीच तयार होता.

१८/
इथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. बिअर गावच्या बायकांनी महिनोन्‌महिने विणलेल्या लेसची प्रतिमा ठशाच्या एका दाबात कागदावर उमटू लागली. राणीच्या पोशाखाने हातच्या लेसला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे. पण त्या प्रतिष्ठेमुळे स्वस्त नकलांनाही तितकीच मागणी आली. वस्तू यंत्राने घडलेली असावी आणि दिसावी मात्र हाताने केल्यासारखी, ही आजही ओळखीची वाटणारी अपेक्षा तेव्हाच रूढ झाली.

१९/
लिफाफ्यांचेही तेच झाले. कुशल कामगार हाडाच्या पट्टीने दिवसाला सुमारे ३,००० लिफाफे दुमडत असे. रोलंड हिल यांचे बंधू एडविन हिल आणि वॉरन डी ला रू यांनी १८४५ मध्ये लिफाफे दुमडणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते यंत्र तासाला सुमारे २,७०० लिफाफे दुमडताना लोकांनी डोळे विस्फारून पाहिले. माणसाच्या दिवसभराच्या कामाला यंत्राला जेमतेम तास-सव्वा तास लागत होता.

२०/
तरीही एक काम यंत्राला जमत नव्हते : जुळवणी. लेसखाली रंगीत कागद सरकवणे, त्यावर फूल चिकटवणे, घडीच्या पट्टीने ते किंचित वर उचलणे, फीत ओवणे. अमेरिकेतील वुस्टर गावच्या एस्थर हाउलंड हिची कथा या संदर्भात बोलकी आहे. १८४७ मध्ये शिक्षण पूर्ण केलेल्या या तरुणीच्या वडिलांचे कागदसामानाचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले एक प्रेमपत्र-कार्ड पाहून तिने तशी कार्डे स्वतः बनवायचे ठरवले.

२१/
तिचा भाऊ नमुने घेऊन फिरतीवर गेला. २०० डॉलरच्या मागणीची आशा होती. ५,००० डॉलरची मागणी घेऊन तो परतला, अशी आख्यायिका आहे. एस्थरने मैत्रिणींना घरी बोलावले आणि काम वाटून दिले : एकीने फुले कापायची, दुसरीने तळ मांडायचा, तिसरीने लेस बसवायची. पुढे तिने निरनिराळ्या कवितांचे पुस्तकच काढले. कार्डावरचा मजकूर पसंत नसेल तर ग्राहकाने त्यातली कविता निवडायची. प्रसंगाप्रमाणे कार्ड जुळवून देण्याचा तो धंदा तिने १८८१ मध्ये विकला.

२२/
ही कार्डे हस्तनिर्मित होती का? होती. पण पत्ता लिहिणाऱ्या हाताखेरीज त्यांत आणखी पाच-सहा हात असत आणि त्यांची नावे कुठेच नसत. ज्याच्या नावाने आभार जातात तो एक, आणि आभाराची वस्तू घडवणारा दुसरा, अशी फारकत पडली. एस्थरच्या घरातील मैत्रिणींचे हात निदान सुरक्षित होते. युरोपातील सगळ्याच कारखान्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

२३/
शुभ्रतेची किंमत पाहावी ती बेल्जियममध्ये. १८४० च्या सुमारास तिथे ‘पोर्सेलीन कार्डे’ लोकप्रिय झाली : आमंत्रणे, भेटकार्डे, दुकानांच्या जाहिराती. चिनी मातीसारखी त्यांची गुळगुळीत, चमकदार पांढरी पाठ शिशापासून केलेल्या सफेद्याची असे. हा लेप विषारी होता. तो वाटणाऱ्या, फासणाऱ्या, घोटणाऱ्या कामगारांच्या शरीरात शिसे भिनत जाई. १८६० च्या दशकात ही कार्डे मागे पडली, त्याचे एक कारण हेच विष होते.

२४/
हिरव्या पानांचीही तीच गत. नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनमध्ये मटिल्डा शोयरर ही १९ वर्षांची मुलगी मरण पावली. कृत्रिम फुलांच्या पानांवर हिरवी पूड शिंपडणे हे तिचे काम. त्या पुडीत सोमल होता. तिच्या मृत्यूची बातमी गाजली आणि फॅशनच्या हिरव्या रंगाविषयी वर्तमानपत्रांत लिहून आले. फुलांनी सजलेल्या त्या जमान्याचा पांढरा रंग शिशाचा होता आणि हिरवा सोमलाचा. समारंभातल्या कोणालाही ते दिसत नव्हते.

२५/
वस्तू सुंदर आहे, पण ती करणाऱ्या माणसाचे काय झाले? हा प्रश्न जॉन रस्किन यांनी १८५३ मध्ये आपल्या व्हेनिसच्या वास्तुकलेवरील ग्रंथात विचारला. कारागिराला नुसती नक्कल करायला लावणारे निर्दोष काम हे त्यांच्या मते गुलामीचे चिन्ह होते, आणि मोकळ्या हाताच्या खडबडीतपणात त्यांना माणूस दिसत होता. आज हातकागदाची ओबडधोबड कड लोकांना आवडते, त्या आवडीमागे तत्त्वज्ञानाचा हा धागा आहे.

२६/
विल्यम मॉरिस यांनी तो विचार प्रत्यक्ष कागदावर आणला. १८९१ मध्ये त्यांनी केल्मस्कॉट मुद्रणालय काढले, तेव्हा यंत्राचा कागद नाकारून केंटमधील लिटल चार्ट येथील जोसेफ बॅचलर यांच्याकडून तागाच्या चिंध्यांचा हातकागद बनवून घेतला. नमुना होता पंधराव्या शतकातील इटालियन कागदाचा. अक्षर, शाई, चौकट आणि कागद एकाच कल्पनेतून जन्माला यावेत, हा त्यांचा आग्रह होता. या मार्गातला पेच मात्र मॉरिस यांनाही सुटला नाही : प्रामाणिक हातकाम महाग पडे आणि ते श्रीमंतांच्याच कपाटात जाई.

२७/
इकडे आभारपत्राचा शिष्टाचारही पक्का होत होता. १९२२ मध्ये अमेरिकेत एमिली पोस्ट यांचे शिष्टाचारावरील पुस्तक आले. प्रत्येक आहेराला क्रमांक द्यावा, वहीत नोंद करावी, आभार कधी गेले तेही लिहावे, अशी व्यवस्था त्यांनी सांगितली. ही वही पाहिली की मराठी घरातील आहेराची वही आठवते. फरक उद्देशात आहे : आपल्या वहीचा रोख पुढे त्या घरी कार्य निघाले की तोलाचा आहेर करण्यावर असतो. त्या वहीचा रोख पत्रावर होता. आणि ते पत्र वधूने स्वतःच्या हाताने लिहायचे. दूरध्वनी चालणार नाही, असे पोस्ट यांचे बजावणे होते.

२८/
रस्किन यांचा प्रश्न भारतात आला तो गांधीजींच्या हातातून. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना त्यांनी रस्किन यांचे ‘अन टू धिस लास्ट’ वाचले आणि श्रमाविषयीचे त्यांचे विचार त्या प्रवासात पालटले. पुढे १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; त्याचे काम वर्ध्याहून चाले. तेल, गूळ, कातडे यांच्या बरोबरीने हातकागदही संघाच्या कार्यक्रमात आला. यंत्राच्या कागदापुढे मोडकळीस आलेल्या कागदी कारागिरांना पुन्हा उभे करणे, हा हेतू होता.

२९/
महाराष्ट्राला ही कला नवी नव्हती. जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच या धंद्यावरून पडले. १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली. कृती ऐकायला सोपी वाटते : सुती चिंध्या बारीक करून त्यांचा लगदा करायचा, हौदात तो पाण्यात कालवायचा, जाळीची चौकट बुडवून समपातळीत उचलायची, ओला ताव कापडावर उलटवायचा, दाबून पाणी काढायचे, वाळवून घोटायचा. चौकट उचलतानाचा तोल मात्र हातालाच कळतो. तो चुकला की ताव एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतो.

३०/
भारतीय संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, ती पुण्यात बनलेल्या हातकागदावर. जिथे कापडाच्या कातरणीतून हा ताव घडला, त्याच परंपरेचा कागद आज लग्नपत्रिका आणि आभारपत्रिकांसाठी वापरला जातो. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, गवताच्या काड्या किंवा रंगीत धागे मिसळता येतात. लग्नाचा रंग अशा कागदाच्या अंगातच उतरतो, वरून छापावा लागत नाही.

३१/
खरे पाहता मराठी घरांत लग्न आणि कागद यांची जुळणी करण्याची रीत फार साधी आहे. छापून आलेल्या गठ्ठ्यातील प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यांना कोणीतरी हळदकुंकवाची बोटे लावते. मांडवातील पिवळा-लाल रंग त्या बोटांनी पत्रिकेवर येतो आणि हजार प्रतींतली एकही दुसरीसारखी राहत नाही. यंत्राच्या जाळीवर हाताची फुले शिवणाऱ्या बिअरच्या स्त्रियांनी याहून निराळे काय केले होते?

३२/
म्हणून लग्नाला शोभणारी आभारपत्रिका आखताना १८४० च्या त्या फेब्रुवारीपासून घेण्याजोगे तीन धडे आहेत. चिन्ह एकच निवडावे आणि ते अखेरपर्यंत धरावे. राणीला एक फूल पुरले होते. कागद कोठून आला, कोणी केला, हे विचारून घ्यावे. शुभ्र पत्रिकेमागे कोणाच्या फुप्फुसातले शिसे नसावे. आणि सजावट कितीही झाली तरी आत दोन ओळींची जागा कोरी ठेवावी. कोणती वस्तू आली आणि ती घरात कोठे ठेवली, एवढे त्या ओळींत स्वतःच्या अक्षरांत लिहिले की पुरे.

(समाप्त)